वळणामागचं गणित : जगातले काही देखणे रस्ते आणि ते उतरायची रीत

आपल्या हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर चक्कर मारा. दर तिसऱ्या-चौथ्या खोलीत भिंतीवर किंवा कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर एक फोटो हमखास सापडेल. हिरवा नाहीतर बर्फाळ डोंगर आणि त्यावर दोरी टाकावी तसा वळत वळत गेलेला काळा रस्ता. खाली कोणीतरी मार्करनं लिहिलेलं, ‘एक दिवस इथे गाडी चालवणार!’ नक्की चालवा. नोकरी लागू दे, दोन पैसे साठू देत, जरूर जा. पण त्याआधी एक प्रश्न. तो रस्ता तसा वळलेला का आहे? डोंगर सुंदर दिसावा म्हणून? की आखणाऱ्याला दुसरा इलाजच नव्हता म्हणून?

हायवेचा पेपर दिलेले सिव्हिलवाले हसतील. पण मेकॅनिकल, कॉम्प्युटर आणि ईअँडटीसीच्या मंडळींना (आणि मेसमध्ये आमच्या शेजारी बसून ‘सिव्हिलमध्ये काय असतं रे, नुसती वाळू-सिमेंट’ म्हणणाऱ्यांना) हे मुळापासून सांगणं भाग आहे. कारण ज्याला रस्ता का वळला हे कळतं त्याला तो उतरायचा कसा हेही कळतं. पावसाळा सुरू झाला की दर शनिवारी आपल्या पार्किंगमधून दहा-पंधरा बाइक घाटाकडे निघतात, म्हणून हा लेख नुसता परदेशवारीचा नाही.

तर सुरुवात चढापासून. रस्त्याचा चढ टक्क्यांत मोजतात. १०० मीटर पुढे गेल्यावर ५ मीटर वर आलो, तर चढ ५ टक्के. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत डोंगराळ मुलखासाठी रूलिंग ग्रेडियंट ५ टक्के धरतात, म्हणजे २० मीटरला १ मीटर. अगदीच नाइलाज असेल तिथे थोड्या लांबीपुरता ७-८ टक्क्यांपर्यंत जातात. ऐकायला हे आकडे किरकोळ वाटतात. पण भरलेल्या ट्रकला किंवा जुन्या काळच्या घोडागाडीला विचारा!

आता समजा १,८०० मीटर उंची गाठायची आहे. १० टक्के चढ ठेवला तर १८ किलोमीटर रस्ता लागेल. ५ टक्के ठेवला तर ३६ किलोमीटर. आणि खालच्या गावापासून खिंड सरळ रेषेत फक्त १५ किलोमीटरवर असेल तर? उरलेले किलोमीटर कुठेतरी ठेवायला हवेत. ते डोंगराच्या अंगावर घड्या घालून ठेवायचे, पुढे जायचं, मागे वळायचं, परत पुढे. फोटोत आपल्याला जी नागमोडी रेष आवडते ती म्हणजे जागेत न मावणारी लांबी घडी करून बसवलेली आहे. गादीचा होल्डॉल बांधतो ना, तसंच.

वर दिलेलं उदाहरण मनचं नाही. ते इटलीच्या उत्तर टोकाला असलेल्या स्टेल्व्हिओ खिंडीचं आहे. १८१५ नंतर लोंबार्डी प्रांत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात आला आणि मिलानकडचा हा भाग आल्प्सच्या पलीकडच्या टायरोलशी जोडायची गरज पडली. कार्लो दोनेगानी नावाच्या इंजिनिअरनं १८२० ते १८२५ या पाच वर्षांत हा रस्ता बांधून काढला. खिंडीची उंची २,७५७ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईवर (१,६४६ मीटर) आणखी अकराशे मीटर. प्राड गावाकडून चढायला लागलं की सुमारे २४-२५ किलोमीटरांत साधारण १,८०० मीटर वर जायचं. सरासरी काढा, सव्वासात-साडेसात टक्के निघते. तेवढ्यासाठी त्या एका बाजूला ४८ हेअरपिन वळणं आहेत. प्रत्येकाला नंबर दिलाय. खालून निघताना ४८ दिसतो आणि मग एकेक कमी होत जातो. पंचविसाव्यापर्यंत येता येता सहप्रवाशाचा चेहरा हिरवा झालेला असतो म्हणतात.

गंमत अशी की ज्या कामासाठी हा रस्ता बांधला ते काम फार काळ टिकलं नाही. १८५९ मध्ये लोंबार्डी ऑस्ट्रियाच्या हातून गेली आणि खिंड ही सरहद्द झाली. पहिल्या महायुद्धात इथल्या शिखरांवर, बर्फात, दोन्ही बाजूंचं सैन्य समोरासमोर बसलेलं होतं. युद्धानंतर दोन्ही उतार इटलीत आले आणि रस्त्याचं लष्करी महत्त्वच संपलं. आज तिथे दिसतात ते सायकलवाले, मोटरसायकलवाले आणि टुरिस्ट. म्हणजे घोड्यांच्या टपालगाडीसाठी केलेली आखणी दोनशे वर्षांनंतरही बहुतेक तशीच्या तशी वापरात आहे. आपल्याकडचा नवा रस्ता पहिल्या पावसात वाहून जातो तेव्हा दोनेगानीसाहेबांची आठवण काढायला हरकत नाही. असो.

चढाची ही अडचण आगगाडीला तर फारच जाचते, कारण लोखंडावर लोखंड घसरतं आणि गाडीला हेअरपिन वळण घेता येत नाही. १८६३ मध्ये सुरू झालेल्या आपल्या बोरघाटाच्या रेल्वेत सगळ्यात तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट असा होता, आणि वळायला जागा नाही म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केलं होतं. गाडी एका दिशेनं आत यायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट दिशेनं पुढे चढायची. हेसुद्धा एक प्रकारचं हेअरपिनच झालं की! १९२९ साली नवी आखणी झाल्यावर ते बंद झालं.

आता माझा सगळ्यात आवडता रस्ता. अमेरिकेत माँटाना राज्यात, कॅनडाच्या सरहद्दीला लागून ग्लेशियर नॅशनल पार्क आहे. त्यातून आरपार जाणारा साधारण ८० किलोमीटरचा रस्ता आहे, त्याचं नाव ‘गोइंग टू द सन रोड’. तिथल्या एका डोंगराच्या नावावरून पडलेलं. मधली लोगन खिंड २,०२६ मीटरवर. उंचीच्या हिशेबात स्टेल्व्हिओपुढे किरकोळ. पण हा रस्ता कसा आखला गेला ती हकीकत प्रत्येक इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं वाचावी अशी आहे.

१९२० च्या सुमाराला अमेरिकेत मोटारी भराभर वाढत होत्या आणि पार्क खात्याला वाटत होतं की लोकांना गाडीतून डोंगर पाहता यावा. खात्याचे मुख्य सिव्हिल इंजिनिअर जॉर्ज गुडविन यांनी एक आखणी केली. लोगन नाल्याच्या दरीतून वर जायचं आणि शेवटच्या उभ्या भिंतीवर १५ हेअरपिन घालून खिंड गाठायची. कागदावर ठीक. स्टेल्व्हिओची पद्धत, पुस्तकातलं उत्तर. वीसपैकी अठरा मार्क मिळाले असते.

खात्यात टॉमस व्हिंट नावाचा एक तरुण लँडस्केप आर्किटेक्ट होता. त्यानं जागा फिरून पाहिली आणि आक्षेप घेतला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की ही १५ वळणं झाली तर ती दरी खाणवाल्यांनी खणून ठेवल्यासारखी दिसेल. रस्त्यावरच्या माणसाला डोंगर दिसेल हो, पण डोंगराकडे पाहणाऱ्याला मात्र फक्त रस्ता दिसेल. त्यानं दुसरी वाट सुचवली. दरीच्या तळाशी न जाता आधीपासूनच लांबून, ‘गार्डन वॉल’ नावाच्या भल्यामोठ्या कड्याच्या अंगानं हळूहळू चढत जायचं. लांबी घडी करून बसवायची नाही, सरळ पसरायची. मग वळण किती लागतील? फक्त एक.

खर्च? अर्थातच जास्त. कारण कड्याला कापून, उभ्या खडकात रस्ता कोरायचा होता. खात्याचे संचालक स्टीफन माथर यांच्यासमोर दोन्ही बाजू मांडल्या गेल्या आणि त्यांनी व्हिंटच्या बाजूनं कौल दिला. मग १९२४ च्या शरद ऋतूत फ्रँक किट्रेज नावाचे रस्ते विभागाचे इंजिनिअर मोजणीला गेले. बर्फ पडायच्या आत काम उरकायचं होतं. रोज सकाळी शेकडो मीटर डोंगर चढायचा, अरुंद कंगोऱ्यावरून चालायचं, काही ठिकाणी दोर बांधून कड्यावर लोंबकळत खुणा करायच्या, आणि संध्याकाळी परत खाली. माणसं टिकेनात. तीन महिन्यांत इतके जण काम सोडून गेले की ३२ जणांची तुकडी पुन्हा पुन्हा नव्यानं भरावी लागली. आपल्याला सर्व्हे कॅम्पला सकाळी सातला लेव्हल आणि स्टाफ घेऊन टेकडीवर उभं केलं की आपण सरांच्या नावानं बोटं मोडतो, त्यांनी किट्रेजसाहेबांची तुकडी डोळ्यासमोर आणावी.

या मोजणीतून जी रेष निघाली तिचा चढ कुठेही साधारण ६ टक्क्यांच्या वर जात नाही. खिंडीच्या पश्चिम उतारावर खरोखर एकच हेअरपिन आहे, त्याला तिथे ‘द लूप’ म्हणतात. पश्चिमेकडच्या बोगद्याला दरीच्या बाजूनं खिडक्या ठेवल्या आहेत. कठडे आणि कमानी तिथल्याच दगडात बांधल्या, म्हणून लांबून पाहिलं तर रस्ता कड्याच्या रंगात मिसळून जातो. १५ जुलै १९३३ रोजी लोगन खिंडीत उद्घाटन झालं. काम चालू असताना तीन कामगार मेले. हिवाळ्यात सगळा रस्ता बर्फाखाली जातो. खिंडीच्या पूर्वेला एका जागी बर्फाचा ढीग २० मीटरच्याही वर जातो आणि एप्रिलपासून काढायला लागलं तरी रस्ता पूर्ण खुला व्हायला जूनचा शेवट नाहीतर जुलै उजाडतो. जिथे हिमकडे कोसळतात तिथल्या काही ठिकाणी लाकडी कठडे हिवाळ्याआधी चक्क काढून ठेवतात आणि उन्हाळ्यात परत लावतात. निसर्गाशी भांडण्यापेक्षा हे बरं.

तिथे १९३० च्या दशकापासून लाल रंगाच्या उघड्या टपाच्या बस चालतात. त्यांच्या ड्रायव्हरांना ‘जॅमर’ म्हणायचे, कारण जुन्या गिअरबॉक्समध्ये चढावर गिअर बदलताना असा काही खडखडाट व्हायचा की डोंगर दणाणायचा. ऑटोमोबाइलवाल्यांनी नोंद घ्यावी.

मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते हे. गुडविन चुकले नव्हते. त्यांच्या आखणीनं गाड्या वर पोहोचल्या असत्या. पण ‘गाडी वर पोहोचणे’ एवढीच अट आहे असं धरून गणित सोडवलं तर उत्तर एक येतं, आणि ‘डोंगर शाबूत राहिला पाहिजे’ ही दुसरी अट घातली की वेगळं येतं. आपल्याला परीक्षेत अटी छापून मिळतात. नोकरीत त्या कोणी छापून देत नाही. आणि इथे ती दुसरी अट सुचली एका सिव्हिल इंजिनिअर नसलेल्या माणसाला, हे आमच्या ब्रँचच्या लोकांनी (मी धरून) जरा मनाला लावून घ्यायला हरकत नाही.

अर्थात सगळेच रस्ते इतक्या विचारानं झालेले नाहीत. रुमानियातला ट्रान्सफागाराशान पाहा. १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या आणि रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याला धास्ती बसली. उद्या आपल्यावर आले तर डोंगरापलीकडे सैन्य नेणार कसं? म्हणून १९७० ते १९७४ या चार वर्षांत फागाराश पर्वतरांगेवरून २,०४२ मीटर उंचीपर्यंत रस्ता रेटला. काम करणारे बहुतेक तरुण सैनिक होते, सुरुंग लावायचं पुरेसं शिक्षण नसलेले. सरकारी आकडा ४० मृत्यूंचा. तिथे काम केलेले लोक म्हणतात, शेकडो. आज ही वळणं पाहायला जगभरातून लोक येतात आणि माथ्यावरच्या ८८७ मीटरच्या बोगद्यातून हॉर्न वाजवत जातात.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचा ग्रेट ओशन रोड वेगळ्याच कारणानं झाला. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना काम द्यायचं आणि जे परतले नाहीत त्यांचं स्मारक करायचं, या दोन्हींसाठी. १९१९ ते १९३२ या काळात सुमारे तीन हजार माजी सैनिकांनी कुदळ, फावडं, सुरुंग आणि घोड्यांच्या गाड्यांवर हा साधारण २४० किलोमीटरचा रस्ता केला. स्मारकासाठी पुतळा नाही, चौथरा नाही, अख्खा रस्ता. १९२४ मध्ये ‘कॅसिनो’ नावाची आगबोट इथे खडकाला लागली तेव्हा तिला हलकं करायला बिअरची ५०० पिंपं समुद्रात टाकावी लागली. ती किनाऱ्याला लागली आणि रस्त्याचं काम पुढे दोन आठवडे बंद पडलं. कारण सांगायला नको. (रेक्टर सरांनी हा परिच्छेद वगळून वाचावा.)

त्या रस्त्यावरचं प्रसिद्ध दृश्य म्हणजे समुद्रात उभे असलेले चुनखडीचे सुळके, ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’. नाव बारा, पण बारा कधी मोजताच येत नाहीत. २००५ च्या जुलैमध्ये त्यातला एक लोकांच्या डोळ्यांदेखत कोसळला. त्याच किनाऱ्यावर ‘लंडन ब्रिज’ नावाची दगडी कमान होती. तिचा जमिनीला जोडलेला भाग १९९० च्या जानेवारीत पडला आणि पलीकडे दोन पर्यटक अडकले, त्यांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. जे लाटा सुळक्यांचं करतात तेच किनाऱ्यावरच्या रस्त्याचंही करतात, फक्त जरा सावकाश.

याचं उत्तम उदाहरण कॅलिफोर्नियातला हायवे नंबर १. बिग सरचा पट्टा, एका अंगाला सांता लुसियाचे डोंगर आणि दुसऱ्या अंगाला थेट प्रशांत महासागर. १९३७ साली तो सलग खुला झाला, त्याआधी जवळजवळ अठरा वर्षं काम चाललं आणि त्यात सान क्वेंटिन तुरुंगातले कैदीही राबले. यावरचा बिक्सबी पूल तुम्ही सिनेमा-जाहिरातींत शंभरदा पाहिलाय. १९३२ मध्ये झालेली काँक्रीटची कमान, मधला गाळा साधारण ९८ मीटरचा. स्टील का नाही? समुद्राची खारी हवा. स्टील रंगवत बसावं लागलं असतं. शिवाय रस्ता आतल्या बाजूनं न्यायचा तर डोंगरात लांब बोगदा खणावा लागणार होता. इथेही कोणीतरी दोन पर्याय तोलले होते.

पण पूल भक्कम राहिला म्हणून रस्ता टिकतो असं नाही. मे २०१७ मध्ये मड क्रीक इथे अख्खी डोंगरउतरण सुटून समुद्रात गेली. जवळजवळ चारशे मीटर रस्ता गाडला गेला आणि तो भाग पुन्हा सुरू व्हायला जुलै २०१८ उजाडला. तो ढिगारा उपसणं शक्यच नव्हतं, म्हणून दरडीच्या वरूनच नवा रस्ता बांधला. जानेवारी २०२१ मधली रॅट क्रीकची घटना तर थेट आपल्या पाठ्यपुस्तकातली. आदल्या वर्षी वणव्यात डोंगरावरची झाडी जळालेली. जोराचा पाऊस आला, उतारावरचा चिखल-दगड-ओंडके ओढ्यातून खाली आले, रस्त्याखालच्या मोरीचं तोंड तुंबलं. पाण्याला वाट उरली नाही, ते रस्त्यावरून गेलं आणि जाताना सुमारे ४५ मीटर रस्ता भरावासकट घेऊन गेलं. ड्रेनेजच्या लेक्चरला मागच्या बाकावर झोपणाऱ्यांसाठी हा फोटो वर्गात लावायला हवा. आपल्या घाटांतही दर पावसाळ्यात दरड पडते तेव्हा आधी मोरी आणि बाजूचं गटार पाहावं, बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

आता समजा तुम्ही निघालातच. एक साधी पण कामाची गोष्ट, दिशा कुठली धरायची? अमेरिकेत उजव्या बाजूनं गाडी चालवतात. म्हणून हायवे १ वर उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलं तर समुद्र तुमच्या लेनच्या बाजूला येतो आणि थांबे सहज मिळतात. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, तिथे टॉर्कीहून पश्चिमेकडे जावं म्हणजे समुद्र डाव्या हाताला. गोइंग टू द सन रोडवर पश्चिमेकडून पूर्वेकडे चढलात तर दरीच्या कडेची लेन तुमची. ज्याला उंचीची भीती वाटते त्यानं उलट दिशेनं यावं, म्हणजे कड्याला घासून चालता येतं. मोठी गाडी भाड्यानं घेऊ नका, त्या रस्त्याच्या वरच्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे. आल्प्स, रुमानिया, माँटाना, तिन्हीकडे हे रस्ते हिवाळ्यात बंद असतात, तेव्हा सुटी बघून तिकीट काढायच्या आधी रस्ता कधी उघडतो ते बघा. आपल्या आरटीओत आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, तो एक वर्ष चालतो, पण मूळ लायसन्स सोबत लागतंच. आणि २,७०० मीटरवर हवा विरळ असल्यानं साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळजवळ पाव भागानं कमी होते. गाडी ओढत नाही म्हणून भाड्यानं देणाऱ्याशी भांडू नका.

चढणं सोपं असतं हो. गाडी दमते, फार तर बंद पडते. खरी परीक्षा उतरताना. आता वही-पेन घ्या.

१,२०० किलोची गाडी १,८०० मीटर खाली आणायची. स्थितिज ऊर्जा एमजीएच, म्हणजे १,२०० गुणिले ९.८१ गुणिले १,८००. उत्तर सुमारे २१ मेगाज्यूल. ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी, थर्मोडायनॅमिक्सच्या सरांनी सांगितलंय. टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध मिळून त्यातला साधारण पाचवा भाग खातात. बाकीचा? तुम्ही नुसत्या ब्रेकवर उतरलात तर सगळा ब्रेकच्या डिस्क-ड्रममध्ये उष्णता होऊन. २१ मेगाज्यूल म्हणजे किती? २० अंशाचं साठ लिटरहून जास्त पाणी उकळायला लागतील एवढे. हॉस्टेलच्या गिझरला विचारा, हिवाळ्यात चार बादल्यांना तो किती वेळ घेतो! किंवा असं पाहा, हीच गाडी ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबवायला ब्रेकना अर्ध्या मेगाज्यूलहून थोडं कमी काम पडतं. म्हणजे हा उतार ब्रेकवर उतरणं हे शंभरच्या वेगावरून पस्तीस-चाळीस वेळा करकचून थांबण्यासारखं आहे.

मग काय होतं? पॅड तापले की त्यांची पकड कमी होते, पाय तितकाच दाबला तरी गाडी थांबत नाही. याला ब्रेक फेड म्हणतात. ड्रम तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो, म्हणून लिव्हर जास्त ओढावी लागते. सगळ्यात वाईट म्हणजे ब्रेकचं तेल उकळणं. डॉट ३ प्रकारच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू कमीतकमी २०५ अंश असावा लागतो, पण हे तेल हवेतली वाफ शोषून घेतं. पाणी मुरलेल्या जुन्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. तेल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, तेल जात नाही. पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. तेव्हा तेल कधी बदललं होतं ते घाटात आठवण्यापेक्षा आधी गॅरेजमध्ये विचारावं.

इलाज जुनाच. ज्या गिअरमध्ये चढला असता साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनाला अडवू द्या. गिअर उतार लागायच्या आधी टाका, मध्येच नाही. ब्रेकवर सतत पाय ठेवून घासत येऊ नका. वेग वाढला की एकदा नीट दाबा, वेग खाली आणा आणि सोडा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला हवा लागते.

आपल्याकडे एक थोर परंपरा आहे, उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून ‘पेट्रोल वाचवायचं’. सीनिअर ज्युनिअरला शिकवतो, पुढे तो ज्युनिअर त्याच्या ज्युनिअरला. हे गणितही चुकीचं आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असताना तुम्ही ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल देणंच थांबवतात. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलला टाकलंत तर इंजिन चालू राहायला उलट पेट्रोल लागतं. म्हणजे पेट्रोलही जातं आणि ब्रेकही. बाइकवर दोघं, सगळं मिळून २८० किलो, समजा ५०० मीटर उतार. १.३७ मेगाज्यूल, चार लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता, आणि ती घ्यायला तुमच्याकडे तळहाताएवढा एक ड्रम नि एक डिस्क. गिअर नसलेल्या स्कूटरना इंजिनाचा अडथळा फारसा मिळत नाही, वेग कमी झाला की क्लच सुटतो. त्यांनी दर काही किलोमीटरला थांबायचं, चहा प्यायचा, निघायचं. चहाला कारण सापडलं!

आणि हेअरपिन. आपल्या मानकात हेअरपिनची आतली त्रिज्या कमीतकमी १४ मीटर, बाहेरची बाजू उचललेली १० टक्क्यांपर्यंत आणि डिझाइनचा वेग ताशी २० किलोमीटर. व्ही वर्ग भागिले १२७ आर हे सूत्र लावा. २० च्या वेगाला टायर आणि रस्त्यात घर्षणांक लागतो जेमतेम ०.१२५. ३० ला लागतो ०.४१. ४० ला ०.८. कोरड्या, चांगल्या डांबरावर चांगला टायर ०.७-०.८ देतो, म्हणजे ४० ला तुम्ही अगदी काठावर. पावसात, वरून लाल माती वाहून आलेल्या वळणावर ०.४ सुद्धा मिळेल याची खात्री नाही. म्हणजे तिथे ३० लाच चाक सुटतं. २० आणि ३० मध्ये आपल्या मनाला फरक वाटत नाही, वर्गामुळे रस्त्याला सव्वादोन पट वाटतो. त्यातून वळणात मध्येच ब्रेक दाबला तर तीच थोडीशी पकड दोन कामांत वाटली जाते. ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत. अरुंद रस्त्यावर समोरून चढणारी गाडी आली तर तिला आधी जाऊ द्यायचं, हा आपल्या कायद्यातलाच नियम आहे, कारण चढावर थांबलेलं भरलेलं वाहन पुन्हा हलवणं जास्त अवघड असतं.

खाली पोहोचल्यावर ब्रेकमधून जळका वास आला तर घाबरू नका, पण तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका. एकदम थंड झाली की ती वाकते नाहीतर तडकते. सपाटीवर दोन-तीन किलोमीटर ब्रेक न मारता सावकाश चालवा, वाऱ्यानं निवू द्या. मग सुरक्षित जागी थांबून लिव्हर दाबून बघा. मऊ लागली तर गाडी तिथेच ठेवा आणि मेकॅनिकला फोन लावा.